हॅगिसला नावं ठेवू नका, उकडलेल्या कोबीला ठेवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत ब्रिटिश जेवणावरचा लेख वाचला, म्हणजे आधी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी त्याचा फोटो टाकला आणि मग मी रद्दीतून पेपर शोधून काढून नीट वाचला. जगातलं सगळ्यात बेचव जेवण असं हेडिंग आणि खाली दोन याद्या. वाईट पदार्थांत हॅगिस, ब्लॅक पुडिंग, जेलीड ईल (म्हणजे जेलीतला सापासारखा लांबट मासा), ते माशांची मुंडकी बाहेर काढलेलं पाई आणि मार्माइट, म्हणजे टोस्टला लावायचा यीस्टचा काळा अर्क. चांगल्यात फिश अँड चिप्स, चिकन टिक्का मसाला आणि कस्टर्ड. ग्रुपवर त्यावरून जो काही धिंगाणा झाला तो सांगत नाही, पण यादी बघून मला पहिल्यांदा हेच वाटलं की ही जिभेने केलेली यादी नाहीये, डोळ्यांनी केलेली आहे. फोटोत जे बघून ई होतं ते वाईट, जे सोनेरी तळलेलं दिसतं ते चांगलं. असं असतं तर मग आपली काळ्या मसाल्याची मिसळ फोटोत बघून बाहेरचा माणूस काय म्हणेल याचा विचार करा जरा.

मी कॉलेज रोडच्या बाजूला बरीच वर्षं मेस चालवते, क्लासच्या पोरापोरींचे डबे असतात. लेक आणि जावई लीड्सला असतात, त्यांच्याकडे राहून आलेय, आणि स्वयंपाक करणारी बाई परदेशात गेली तरी म्युझियम बघायच्या आधी भाजीवाल्याकडे आणि मटणवाल्याकडे काय मांडलंय ते बघते, तसं मी बघितलं. बीफ मी खात नाही, त्यामुळे बीफच्या पदार्थांवर बोलायचा मला हक्क नाही, ते सोडून बोलते. बाकी बऱ्याच गोष्टी खाऊन बघितल्या, काही लेकीच्या किचनमध्ये करूनही बघितल्या.

तर स्कॉटलंडचं हॅगिस. त्यात काय असतं, तर मेंढीची कलेजी, दिल आणि फुप्फुस शिजवून बारीक करायचं, त्यात भाजलेले ओट्स, कांदा, चरबी, मिरी आणि मसाला घालायचा आणि हे सगळं मेंढीच्याच पोटाच्या पिशवीत भरून शिजवायचं. आता दुकानात मिळतं त्याला बहुतेक वेळा वेगळं आवरण असतं. लेखात ‘ऐकूनच पोटात ढवळतं’ असं लिहिलंय. अहो, वजडी गरम पाण्यात घालून खरवडून खरवडून साफ करणाऱ्या आणि मग ती झणझणीत रश्श्यात चाटूनपुसून खाणाऱ्या लोकांच्या पोटात कधीपासून ढवळायला लागलं? रविवारी सकाळी मटणाच्या दुकानात रांगेत उभं राहून कलेजी-गुर्दा वेगळा बांधून द्या म्हणणारे हेच लोक. शाकाहारी माणसाला किळस वाटली तर मी समजू शकते, त्यांच्याशी माझं भांडणच नाही, पण मटण खाणाऱ्याने हॅगिसला नाक मुरडू नये.

आणि चवीला म्हणाल तर एडिनबराला खाल्लेलं हॅगिस हा मला तिथला सगळ्यात ‘मसाल्याचा’ पदार्थ वाटला. मिरी चांगली लागते, ओट्समुळे ते भुरभुरीत मोकळं होतं, गिचका होत नाही, आणि सोबत सलगमच्या जातीच्या कंदाचा आणि बटाट्याचा लगदा देतात तो मुद्दाम सौम्य असतो कारण तिखटपणा हॅगिसचा असतो. मी फक्त एक विचारून घेतलं की त्यात चरबी कसली आहे, कारण काही ठिकाणी बीफची असते. रॉबर्ट बर्न्स म्हणून स्कॉटलंडचा मोठा कवी, त्याने १७८६ मध्ये चक्क हॅगिसवर कविता लिहिली आणि आजही २५ जानेवारीला त्याच्या वाढदिवशी हॅगिस वाजतगाजत टेबलावर आणतात, ती कविता म्हणतात आणि मग सुरी घालतात. अमेरिकेत १९७१ पासून फुप्फुस खायला बंदी आहे म्हणून खरं स्कॉटिश हॅगिस तिकडे जाऊच शकत नाही, याचं स्कॉटिश लोकांना केवढं दुःख! आणि आपल्या शाकाहारी मंडळींसाठी सांगते, १९८४ पासून डाळी, बीन्स आणि भाज्यांचं शाकाहारी हॅगिसही मिळतं, तेही वाईट नाही, थोडं कोरडं लागतं एवढंच.

ब्लॅक पुडिंगचंही तेच. डुकराचं रक्त, चरबी, ओट्स किंवा बार्ली, कापून चकत्या तव्यावर परतायच्या. ज्यांनी रक्ती खाल्लीय त्यांना यात नवीन काही नाही, उलट धान्य घातल्यामुळे ते जास्त खुसखुशीत होतं. मँचेस्टरजवळच्या बरी गावचं प्रसिद्ध आहे, आणि स्कॉटलंडच्या बेटावरच्या स्टॉर्नोवेच्या ब्लॅक पुडिंगला तर आपल्या नाशिकच्या द्राक्षांना आहे तसा भौगोलिक मानांकनाचा शिक्का आहे. जनावर कापलं तर त्याचं काहीच वाया घालवायचं नाही हा हिशेब आहे हा, आणि मेस चालवणाऱ्या बाईला हिशेबाचा आदर असतो.

आता खरी वाईट गोष्ट सांगते, जी तुमच्या लेखात नव्हतीच. ती म्हणजे उकडलेल्या भाज्या. कोबी, गाजर, ब्रसेल्स स्प्राउट्स म्हणजे ते बारके बारके कोबी. पाण्यात टाकायचे, मीठ टाकलं तर टाकलं, आणि रंग जाईपर्यंत उकळायचे, मग पाणी ओतून द्यायचं. म्हणजे चव सिंकमध्ये आणि चोथा ताटात. लेकीच्या शेजारी एक आजी राहतात, फार प्रेमळ बाई, त्यांनी आम्हाला रविवारी जेवायला बोलावलं होतं आणि कोबी एवढा शिजला होता की चमच्याने उचलला तर लोंबत होता. तरुण पोरं आता असं करत नाहीत, स्प्राउट्स ओव्हनमध्ये भाजतात, वरून बेकन नाहीतर चेस्टनट घालतात, आणि तेच स्प्राउट्स काय सुंदर लागतात! म्हणजे दोष भाजीचा नव्हताच. व्हिक्टोरियन काळातल्या स्वयंपाकाच्या पुस्तकांत मोठी गाजरं दीड-दोन तास उकडा असं सांगितलेलं असायचं. कच्ची भाजी पोटाला बाधते अशी समजूत होती म्हणून. त्या समजुतीने तीन-चार पिढ्यांच्या जिभा मारल्या.

आणि उरलेल्या मारल्या रेशनने. हे लेखात एका ओळीतही आलं नाही याचं मला नवल वाटलं. ब्रिटनमध्ये ८ जानेवारी १९४० ला अन्नाचं रेशनिंग सुरू झालं आणि संपलं कधी, तर ४ जुलै १९५४ ला, म्हणजे युद्ध संपून नऊ वर्षं झाल्यावर. साधारण आठवड्याला माणशी ५०-६० ग्रॅम बटर, तेवढाच चहा, तेवढंच चीज, सव्वादोनशे ग्रॅम साखर आणि एक अंडं. एक! गंमत म्हणजे युद्ध चालू असताना ब्रेडवर रेशन नव्हतं, ते युद्ध संपल्यावर १९४६ ला आलं आणि दोन वर्षं राहिलं. आता विचार करा, १९४० ला जी पोरगी दहा वर्षांची होती ती चोवीस वर्षांची होईपर्यंत तिने घरात धड केक, धड रोस्ट होताना बघितलाच नाही, मग ती स्वतःच्या पोरांना काय शिकवणार? आईच्या हाताखाली बघून जे येतं ते मधल्या मधे तुटलं. आणि याच काळात अमेरिकन सैनिक तिथे येऊन राहिले, त्यांनी तेच जेवण खाल्लं आणि घरी जाऊन सांगितलं की इंग्लंडचं जेवण भिकार. नाव पडलं ते पडलं. (त्याच वर्षांत, १९४३ मध्ये बंगालात माणसं भुकेने मेली हे मी विसरलेली नाही, आणि कुणाला त्यांची कीव करा असंही सांगत नाहीये. फक्त जेवण का बिघडलं त्याचं कारण सांगतेय.)

ग्रुपवर आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी तो नेहमीचा विनोद टाकलाच, की मसाल्यासाठी अर्धं जग लुटलं आणि स्वतःच्या जेवणात मीठ पण घातलं नाही. ऐकायला मजा येते पण खरं नाहीये ते काका. १३९० च्या आसपास रिचर्ड दुसऱ्या राजाच्या खानसाम्यांनी लिहून ठेवलेल्या पाककृती आहेत, त्यात आलं, दालचिनी, लवंग, केशर सगळं मटणामाशात ढीगभर पडतंय. पुढे कधीतरी श्रीमंतांची फॅशन बदलली, फ्रेंच पद्धत आली, मसाले स्वस्त झाले तसे ते ‘हलक्या दर्जाचे’ वाटायला लागले, आणि ते जेवणातून उठून गोडात जाऊन बसले. ख्रिसमस पुडिंग खाऊन बघा, जायफळ, लवंग, दालचिनी, आलं, सगळं त्यात आहे. आणि ती वुस्टरशर सॉसची बाटली आपल्याकडच्या चायनीजच्या गाड्यावर सुद्धा दिसते कधीकधी, ती ली आणि पेरिन्स या वुस्टरच्या दोन औषधवाल्यांनी १८३७ मध्ये विकायला काढली, त्यात चिंच असते. चिंच आणि आंबवलेले मासे. म्हणून चतुर्थीला चीज टोस्टवर वुस्टरशर सॉस शिंपडणाऱ्यांनी बाटलीवरचं वाचून घ्यावं, एवढं मी त्या काकांच्या घरच्या काकूंना वेगळं कळवलंय.

चिकन टिक्का मसाल्याचा मुद्दा मला जरा सोडवून सांगायचाय. लेखकाने एकीकडे ‘पारंपरिक ब्रिटिश पदार्थ’ म्हणून यादी केली आणि त्यात टिक्का मसाला घातला, त्यावर ग्रुपवर सगळे तुटून पडले, हा आपला पदार्थ, चोरला, वगैरे. २००१ मध्ये त्यांचे परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी भाषणात तो ब्रिटनचा खरा राष्ट्रीय पदार्थ आहे असं म्हटलं होतं, तेव्हापासून हे भांडण चालू आहे. ग्लासगोच्या शिश महल रेस्टॉरंटचे अली अहमद अस्लम म्हणायचे की तो मी केला, टोमॅटो सूप घालून. आता तो कुणीही केलेला असो, पण टाइमलाइन बघा. १७४७ सालच्या इंग्रजी पाकपुस्तकात करीची कृती आहे. १७८४ मध्ये लंडनच्या पिकॅडिलीत करी पावडर विकत मिळायची. १८१० मध्ये दीन महंमद या बिहारच्या माणसाने लंडनमध्ये करी-हुक्क्याचं हॉटेल काढलं, ते चाललं नाही ती गोष्ट वेगळी. आणि फिश अँड चिप्स? जोसेफ मालिन या ज्यू माणसाचं लंडनमधलं दुकान १८६० च्या आसपासचं, आणि लँकेशरमधल्या मॉस्लीचे लोक म्हणतात आमच्या जॉन लीजचं १८६३ चं पहिलं. तळलेला मासा ही मूळ स्पेन-पोर्तुगालकडून आलेल्या ज्यू लोकांची पद्धत. म्हणजे इंग्रजांच्या देशात करीचं हॉटेल आधी आलं आणि फिश अँड चिप्सचं पन्नास वर्षांनी! मग एक ‘पारंपरिक’ आणि दुसरं ‘उपरं’ कसं म्हणायचं? बेक्ड बीन्सचा डबा तर अमेरिकेतून आला, १८८६ मध्ये हाइन्झने लंडनच्या फॉर्टनम अँड मेसन या श्रीमंतांच्या दुकानात विकायला ठेवला होता, लक्झरी म्हणून! आणि तो ‘प्लाउमन्स लंच’, म्हणजे ब्रेड, चीज, लोणच्याचा कांदा, शेतकऱ्याची न्याहारी म्हणून पबमध्ये देतात, ब्रेड-चीज जुनंच आहे पण त्या नावाने ते ताट पबमध्ये खपवलं ते चीज आणि दूध विकणाऱ्या संस्थांनी, १९५० नंतर जाहिरात करून. त्यामुळे परंपरा परंपरा करत बसू नये, ताटात आलं आणि तिथल्या लोकांनी आपलं मानलं की झालं. त्या हिशेबाने मी टिक्का मसाला यादीत ठेवते, पण वरच्या नंबरावर नाही, गोड लागतो फार, क्रीमने सगळं दडपून टाकलेलं असतं.

त्यापेक्षा केजरी, म्हणजे आपल्या खिचडीचा इंग्रजी अवतार, कितीतरी चांगली, आणि तिचं लेखात नावही नाही. भात, धुरावलेला हॅडॉक मासा, उकडलेलं अंडं, थोडी करी पावडर आणि बटर. आपल्या डाळीच्या खिचडीत असलं काही घातलं तर सासूबाई घराबाहेर काढतील, पण मुळात भात आणि मासा आपल्या कोकणात कुणाला नवा आहे का, आणि त्या धुराच्या वासाने भाताला जी खोली येते ती करी पावडरने येत नाही. इकडे देवळालीच्या कॅम्पात गोरे सोल्जर मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत महिनोन्महिने बसलेले असायचे, असे हजारो लोक इकडच्या जेवणाची सवय घेऊन परत गेले, आणि तिकडे जे मिळेल त्यावर भागवायला लागले. केजरी त्यांच्यात नाश्त्याला खातात. मी जेवायला केली होती, जावयांनी दोनदा घेतली.

फिश अँड चिप्स चांगल्या यादीत आहे ते मला मान्य, पण अटी आहेत. गरम असेल तरच. घरी आणेपर्यंत वाफेने ते वरचं कव्हर मऊ पडतं आणि मग राम नाही त्यात. मासा कॉड किंवा हॅडॉक, वर भरपूर माल्ट व्हिनेगर, आणि चिप्स जाड कापलेले, आतून पिठूळ. युद्धाच्या काळात सुद्धा यावर रेशन लावलं नव्हतं, लोकांचा धीर जाईल म्हणून. आणि एक गोष्ट नाशिकहून तिकडे शिकायला जाणाऱ्या प्रत्येक शाकाहारी पोराला सांगून ठेवा, यॉर्कशरमध्ये आणि एकूण उत्तरेकडे बरीच जुनी दुकानं तेलात तळत नाहीत, बीफच्या चरबीत तळतात, चव त्यानेच येते असं ते म्हणतात. मी नुसते बटाटे खातो म्हणून समाधान मानणारे आपले कितीतरी जण तिथे फसतात. विचारायचं सरळ, कशात तळता, ते सांगतात, लपवत नाहीत. तसंच सूट नावाची गोष्ट, ती गाईच्या किंवा मेंढीच्या मूत्रपिंडाभोवतालची चरबी, ती स्पॉटेड डिकसारख्या वाफवलेल्या गोडात आणि ख्रिसमस पुडिंगमध्ये असते, वनस्पती तेलाची पण मिळते, पाकिटावर लिहिलेलं असतं.

फिश अँड चिप्सबरोबर मशी पीज देतात, त्याला ग्रुपवर सगळ्यांनी शिव्या घातल्या. वाळलेले मोठे वाटाणे सोडा घालून रात्रभर भिजवून शिजवून घोटायचे. फोडणी न दिलेला रगडाच आहे तो. मला त्याच्याशी काही वैर नाही, फक्त एक मिरची आणि जिरं हातात दिलं असतं तर... असो.

बीन्स ऑन टोस्टवर मात्र मी नाशिककर म्हणून बोलणारच. मटकीला मोड आणून, वर तर्री, फरसाण, कांदा, लिंबू, बाजूला दही आणि पापड घेऊन ज्यांचा रविवार सुरू होतो, त्यांच्यापुढे गोड टोमॅटोच्या पाण्यातले मऊ पांढरे बीन्स भाजलेल्या ब्रेडवर ओतून ठेवले तर तो अपमानच वाटणार. माझी लेक आधी रडकुंडीला यायची, आता हॉस्टेलची सवय म्हणून मजेत खाते, वर चीज आणि चिली फ्लेक्स. म्हणजे तिने त्याची मिसळच करून टाकली थोडीशी. वाईट म्हणणार नाही मी, एकट्या माणसाने पाच मिनिटांत पोट भरायचं साधन आहे ते, प्रथिनं आहेत, स्वस्त आहे. पण राष्ट्रीय अभिमानाने सांगण्यासारखं काय आहे त्यात ते मला कळलं नाही.

मार्माइटला वाईटात टाकलंय त्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय, चव सोडून. चव खरंच भयंकर आहे, खारट, काळं, चिकट, पहिल्यांदा मी चमचाभर लावलं टोस्टला (नखभर लावायचं असतं) आणि पाणी पीत बसले. १९०२ पासून बर्टन अपॉन ट्रेंट या गावात बनतं, तिथे बिअरचे मोठे कारखाने, त्यातलं उरलेलं यीस्ट फेकून देण्यापेक्षा त्याचा अर्क काढला. पण याच मार्माइटने आपल्या मुंबईत काय केलंय ते लोकांना माहीत नाही. ल्युसी विल्स नावाच्या इंग्लिश डॉक्टर बाई १९२८ ला भारतात आल्या, परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये काम केलं, आणि गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब गरोदर बायकांना जो जीवघेणा ॲनिमिया व्हायचा त्याचं कारण शोधत होत्या. खाण्यातच काहीतरी कमी आहे हे त्यांनी ओळखलं आणि माकडांवर, मग त्या बायकांवर मार्माइट देऊन बघितलं, तर ॲनिमिया बरा व्हायला लागला. १९३१ मध्ये त्यांनी हे छापलं. मार्माइटमधली ती गोष्ट म्हणजे फोलेट, ज्याच्या फोलिक ॲसिडच्या गोळ्या आज आपल्या प्रत्येक गरोदर मुलीला सरकारी दवाखान्यातून मिळतात. आता सांगा, हा पदार्थ ‘जगातला सगळ्यात वाईट’ म्हणून यादीत टाकताना एवढी एक ओळ लिहिता आली नसती का? चव आवडली नाही म्हणा, ते मी पण म्हणते.

मुंडकी बाहेर काढलेलं ते पाई म्हणजे स्टारगेझी पाई, कॉर्नवॉलमधल्या माउझल नावाच्या बारक्या मासेमारी गावचं. तिथे २३ डिसेंबरला टॉम बॉकॉक नावाच्या कोळ्याच्या आठवणीत करतात, वादळात कुणी समुद्रात जाईना, गाव उपाशी, तेव्हा तो एकटा बोट घेऊन गेला आणि मासे घेऊन आला अशी कथा आहे. मासे आहेत हे दिसावं म्हणून मुंडकी वर. वर्षातून एकदा गावच्या सणाला होणारा पदार्थ रोजच्या जेवणाच्या यादीत घालून त्याला सगळ्यात वाईट म्हणणं बरोबर नाही. आणि गंगापूर धरणाच्या माशाचं मुंडकं रश्श्यात पहिलं कुणाला मिळणार यावरून भांडणाऱ्या घरात तर नाहीच नाही.

चांगल्यात काय काय सुटलंय ते पटापट सांगते. शेफर्ड्स पाई, म्हणजे मटणाचा खिमा खाली, वर बटाट्याचा लगदा, ओव्हनमध्ये वरून तांबूस होईपर्यंत. मी खिम्यात हिरवी मिरची घातली हे मान्य, पण न घालता सुद्धा चांगलं लागतं. कॉर्निश पेस्टी, मूळ बीफ-बटाटा-कांद्याची, खाणीतले कामगार डब्यासारखी न्यायचे, २०११ पासून त्या नावालाही संरक्षण आहे, मी चीज-कांद्याची खाल्ली आणि करंजीसारखी मुरड बघून मला हातात घेतल्या घेतल्या माहेर आठवलं. बबल अँड स्क्वीक, म्हणजे रविवारचे उरलेले बटाटे आणि कोबी सोमवारी तव्यावर चुरून खरपूस परतायचे. बघा, तोच मेलेला कोबी तव्यावर जिवंत होतो! आणि त्यांचे रोस्ट बटाटे. यावर मी स्वतंत्र पत्र लिहू शकते. आधी अर्धवट उकडायचे, पाणी काढून भांडं झाकण लावून हलवायचं म्हणजे बाहेरून चरचरीत खरबरीत होतात, आणि मग आधीच कडकडीत तापवलेल्या तेलात सोडून ओव्हनमध्ये. थंड तेलात घातले की संपलं. मेसमध्ये आता महिन्यातून कधीतरी मी हे करते आणि त्या दिवशी एक डबा पण उरलेला परत येत नाही. यॉर्कशर पुडिंग, म्हणजे मैदा-अंडं-दुधाचं पातळ पीठ असंच कडकडीत चरबीत फुगवतात, २००८ मध्ये तिथल्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने जाहीर केलं होतं की चार इंचांपेक्षा कमी फुगलं तर ते यॉर्कशर पुडिंग नव्हेच. लीड्सच्या लोकांना हा विनोद नाही, गंभीर विषय आहे.

गोडात कस्टर्ड घेतलंत ते बरोबर. आपल्याकडे लग्नात फ्रूट कस्टर्ड असायचं ते शाकाहारी लोक पण बिनघोर खायचे, त्याचं श्रेय बर्मिंगहॅमच्या अल्फ्रेड बर्डला द्या. त्याच्या बायकोला अंडं चालत नव्हतं म्हणून त्याने १८३७ मध्ये मक्याच्या पिठाची बिनअंड्याची पावडर केली. पण कस्टर्डला खरी जोड स्टिकी टॉफी पुडिंगची, खजूर घातलेला मऊ केक आणि वर गरम टॉफीचा सॉस, सगळ्या यादीत माझा पहिला नंबर त्याला. गोरे लोक ते जुनं समजतात, पण लेक डिस्ट्रिक्टच्या हॉटेलांतून १९७० नंतर ते पसरलं. आणि चीज. स्टिल्टनच्या निळ्या चीजबरोबर काळी-हिरवी द्राक्षं देतात, मार्च-एप्रिलमध्ये तिथल्या सुपरमार्केटात पाकिटावर ‘इंडिया’ लिहिलेली द्राक्षं असतात, मी पाकीट उलटसुलट करून बघत बसले होते, आमच्या निफाड-दिंडोरीकडचीच असणार ती.

राहिलं जेलीड ईल. इथे तुमच्या लेखकाचं आणि माझं जमतं. लंडनच्या ईस्ट एंडचं गरिबांचं खाणं, थेम्समध्ये ईल भरपूर होते, तुकडे करून मसाल्याच्या पाण्यात उकडायचे आणि गार झाल्यावर त्यांच्याच अंगच्या चिकाने जेली होते, बर्फाशिवाय टिकवायची युक्ती. कारण कळलं, कष्टकऱ्यांचं अन्न आहे हे कळलं, युक्तीचं कौतुकही वाटलं, चिली व्हिनेगर ओतून तोंडात घातलं आणि गार, बुळबुळीत, मधे काटा. नाही गेलं खाली. शिवाय आता युरोपातला ईल नामशेष व्हायच्या काठावर आहे, त्यामुळे कुणी खाल्लं नाही तर बरंच. तर माझी यादी खालून वर अशी: उकडलेला कोबी, मग जेलीड ईल, मग पुदिन्यात साखर-व्हिनेगर घालून करतात तो मिंट सॉस, ज्याला आमच्या काकूंनी ‘पुदिन्याचं सरबत’ म्हटलं आणि ते मला खोडता आलं नाही. हॅगिस वरच्या पाचात आहे आणि तिथेच राहणार.

पत्र लांबलं आहे, कात्री लावायची तर लावा, फक्त ल्युसी विल्स बाईंचं तेवढं कापू नका.

आपली,
एक मेसवाली वाचक,
नाशिक